‘शिकारी’ला स्पॅनिशमध्ये नेमकं काय म्हणायचं? बिबट्या, ससाणा, पारधी, फास लावणारा… सगळ्यांना एकच शब्द?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

कराड-पाटण-शिराळा पट्ट्यातल्या वन्यजीवांवर आम्ही काही जण मिळून एक माहितीपुस्तिका करतोय. मराठी मजकूर तयार आहे. स्पॅनिश भाषांतराचं काम माझ्याकडे आलंय. गावात मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांपैकी काही स्पेनचे असतात, काही लॅटिन अमेरिकेतले. त्यांच्या हातात त्यांच्या भाषेतलं काही द्यावं, अशी इच्छा आहे.

आमच्या मजकुरात ‘शिकारी’ हा शब्द पानोपानी आहे. बिबट्या हा रात्रीचा शिकारी. ससाणा हा शिकारी पक्षी. संस्थानिकांचे शिकारी कुत्रे. शिकाऱ्यांनी लावलेले फास. पारधी हा शिकारीवर जगणारा समाज. मराठी वाचणाऱ्याला कुठे काय म्हणायचंय ते आपोआप कळतं. स्पॅनिशमध्ये मात्र माझ्यासमोर कासादोर, देप्रेदादोर, प्रेदादोर, रापास, फुर्तीवो, मोंतेरो अशी रांग उभी आहे. शब्दकोशात अर्थ मिळतो, पण कुठला शब्द कुणाला लावला की स्पॅनिश वाचणाऱ्याला खटकेल, ते मिळत नाही. पारध्यांबद्दलच्या परिच्छेदाशी तर मी अडून बसले आहे. तिथे चुकीचा शब्द गेला तर तो नुसता भाषेचा दोष राहणार नाही.

स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहावेत ही विनंती, म्हणजे ज्यांना ती भाषा येत नाही त्यांनाही चर्चेत बोलता येईल. रानातली माहिती मला तुमच्याकडूनच हवी आहे.

वारणेचं_पाणी

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी सांगलीत बरीच वर्षं स्पॅनिश शिकवतो आणि हा गोंधळ दरवर्षी वर्गात होतो.

पहिला फरक कासादोर आणि देप्रेदादोर यांतला. कासादोर हा शब्द ‘कासार’ या क्रियापदावरून आला. जो शिकार करतो तो कासादोर, मग तो माणूस असो की जनावर. या शब्दात कृती आहे, कसब आहे. देप्रेदादोर हा प्राण्याचा अन्नसाखळीतला दर्जा झाला, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्राण्यांना मारून जगणारा. पोट भरून झाडावर झोपलेला बिबट्यासुद्धा देप्रेदादोरच असतो. उसाच्या सरीत दबा धरून बसला की तो कासादोर होतो. तेव्हा ‘कोयनेच्या जंगलात बिबट्या, रानकुत्रे असे भक्षक आहेत’ इथे देप्रेदादोरेस घ्या, आणि ‘बिबट्या हा रात्रीचा शिकारी’ इथे ‘कासादोर नोक्तुर्नो’ घ्या. दुसऱ्या वाक्यात तुम्हाला त्याची वेळ आणि त्याचं कौशल्य सांगायचं आहे.

प्रेदादोर हाही शब्द बरोबर आहे, अर्थ तोच. पण रोजच्या वाचनात देप्रेदादोर जास्त भेटतो. पुस्तिकाभर एकच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माणसाला देप्रेदादोर म्हणू नका. ‘देप्रेदार’ या क्रियापदाचा जुना अर्थ आहे जबरदस्तीनं लुटणं, नासधूस करत लुटणं. वर्तमानपत्रांत लैंगिक गुन्हेगारांनाही हा शब्द लावतात. पर्यावरणावरच्या लेखात ‘माणूस हा सर्वांत मोठा देप्रेदादोर’ असं वाक्य दिसेल, पण तिथे आरोप करायचाच असतो. गावातल्या जुन्या शिकाऱ्यांची आठवण सांगताना हा शब्द गेला तर वाचणारा त्यांना दरोडेखोर समजेल.

उलट बाजूनं, जनावराला कासादोर म्हणण्यात काहीच वावगं नाही. घरातली मांजर उंदीर पकडण्यात पटाईत असेल तर स्पॅनिश बाई कौतुकानं म्हणते, ‘मी गाता एस मुय कासादोरा.’ इथे तो शब्द विशेषण झाला. हे विशेषणाचं रूप लक्षात ठेवा, पारध्यांच्या परिच्छेदात कामाला येईल असं वाटतं.

सह्यवेडा

वाचतोय. चांगला विषय.

एक शंका. दबा धरून बसणं याला काय म्हणतात? बिबट्याची सगळी शिकार त्यावरच चालते. तो फार लांब पळत नाही, जवळ जाऊन झडप घालतो. रानकुत्र्यांचं याच्या उलट, ते कळपानं सावजाला पळवून पळवून दमवतात. हा फरक भाषांतरात यायला हवा.

वारणेचं_पाणी

दबा धरून बसणं म्हणजे ‘आल आसेचो’. ‘एस्तार आल आसेचो’ हे आपल्या वाक्प्रचाराच्या अगदी जवळ जातं. क्रियापद आसेचार. याच्या शेजारचा आकोसार मात्र टाळा. शिकारीत त्याचा अर्थ पिच्छा न सोडणं असा आहे, त्यामुळे रानकुत्र्यांसाठी तो वापरावासा वाटेल. पण आकोसादोर हे नाम आज माणसाला छळणाऱ्या, पाठलाग करून त्रास देणाऱ्या गुंडासाठी रुळलं आहे. रानकुत्र्यांसाठी साधं ‘पेर्सीगेन एन मानादा’ लिहा, म्हणजे कळपानं पाठलाग करतात.

कळपासाठीही मानादाच. हाउरीया हा शब्द दिसला तर थांबा. हाउरीया म्हणजे मुळात शिकाऱ्यानं सोडलेल्या कुत्र्यांचा ताफा. हल्ली लोक सैलपणे रानटी कुत्र्यांनाही तो लावतात, पण जंगलातल्या स्वतंत्र कळपाला मानादा हेच शोभतं. रानकुत्र्याचं नाव ‘पेर्रो साल्वाहे आसियातिको’ असं पूर्ण लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला गावातली मोकाट कुत्री वाटतील.

पाखरू

पक्ष्यांचं मी सांगते. मायणीच्या तलावावर आणि खटाव-माणच्या माळांवर फिरणाऱ्यांपैकी आहे, आणि स्पॅनिश पक्षीनावांचा नाद आहे.

‘शिकारी पक्षी’ याला आवे रापास म्हणा, अनेकवचन आवेस रापासेस. घुबडं आली की ‘रापासेस नोक्तुर्नास’. आवे दे प्रेसा हेही चालतं. ‘आवे दे रापीन्या’ जुन्या पुस्तकांत भेटतं, पण रापीन्या म्हणजे लूट, लुबाडणूक. पक्ष्याच्या माथी चोरीचा आळ कशाला? पक्षीनिरीक्षक रापासच म्हणतात. (रापास म्हणजे पोरगा असाही अर्थ स्पेनमध्ये आहे, विशेषतः वायव्येकडे. मागे ‘आवे’ असलं की घोळ होत नाही.)

पण रापास आणि शिकार करणारा हे एक नाहीत. गिधाडं रापासेस मध्ये मोडतात, तरी ती मेलेलं खातात. त्यांना कारोन्येरो म्हणायचं. तरसाला सरसकट कारोन्येरो म्हणू नका, तो संधी मिळाली तर लहान जनावर मारतोही. उलट आपला खंड्या दिवसभर शिकारच करतो, पण तो रापास नाही. त्याचं स्पॅनिश नाव मार्तीन पेस्कादोर. मासे धरणारा तो पेस्कादोर, कासादोर नव्हे. मासे मारणाऱ्या ऑस्प्रेला याच न्यायानं आगीला पेस्कादोरा म्हणतात. पाण्यातलं धरलं की क्रियापद बदलतं, पेस्कार. आपणही मासेमारीला शिकार म्हणत नाही.

माळावर हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्या या शिकारी पक्ष्यांची नावं हवी असतील तर देते. माँटेग्यूचा भोवत्या म्हणजे आगीलूचो सेनीसो. हे नाव छापलंत तर स्पॅनिश पाहुणा खूश होईल, कारण हाच पक्षी त्यांच्याकडे उन्हाळ्यात गव्हा-बार्लीच्या शेतात जमिनीवर घरटं करतो. कापणीच्या यंत्राखाली पिल्लं सापडू नयेत म्हणून तिकडे पक्षीप्रेमी घरटी शोधून शेतकऱ्यांशी बोलतात. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात तेव्हा आपल्याकडे जी धावपळ होते, ती त्यांना सांगायला लागणार नाही.

माणदेशी

मी आटपाडी भागातला. स्पॅनिश येत नाही, पण लांडगा येतो.

तुमच्या पुस्तिकेत लांडगा आहे का? नसेल तर घाला. वाघ-बिबट्या कोयना-चांदोलीचे, पण माण, खटाव, जत, आटपाडीच्या माळावरचा धनी लांडगाच. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या आमच्या धनगरांचं आणि त्याचं जुनं नातं आहे. कोकरू गेलं तर जीव तुटतो, पण लांडगा माळावर असणारच हे आमची म्हातारी माणसं धरून चालतात. तर विचारायचं होतं, की स्पेनमध्येही मेंढपाळ आहेत, तिथे लांडगेही आहेत. ते लोक लांडग्याला काय म्हणतात? आणि लांडगा मारणाऱ्या माणसाला?

वारणेचं_पाणी

दादा, प्रश्न मोलाचा आहे.

लांडगा म्हणजे लोबो. लांडगे मारून बक्षिसाचे पैसे घेणारा माणूस तो लोबेरो. इथे स्पॅनिशची एक खोड कळते. -दोर प्रत्यय क्रियापदाला लागतो आणि कृती सांगतो, जसं कासादोर, पेस्कादोर. -एरो प्रत्यय वस्तूला किंवा जनावराला लागतो आणि बहुधा धंदा सांगतो. लोबोवरून लोबेरो, देवमासे मारणारा बायेनेरो, सापळे लावणारा त्राम्पेरो. कुत्र्यांनाही तोच नियम. पेर्दीस म्हणजे तित्तिराच्या कुळातला पक्षी, तो हुडकणारा कुत्रा पेर्दिगेरो. गाल्गो जातीच्या लांबोडक्या कुत्र्यांना घेऊन सशामागे जाणारा माणूस गाल्गेरो.

उत्तर स्पेनमधल्या लेओनच्या डोंगराळ भागात, वाल्देओन नावाच्या खोऱ्यात, ‘चोर्को दे लोस लोबोस’ अजून बघायला मिळतो. लाकडी कुंपणाच्या दोन रांगा वरून रुंद आणि खाली अरुंद होत जातात, शेवटी खड्डा. सगळ्या गावानं हाकारे घालायचे आणि लांडग्याला त्या नरसाळ्यातून खड्ड्यात उतरवायचं. हाकारा घालणाऱ्याला ओहेआदोर किंवा बातिदोर म्हणतात. डोंगरात कुत्रे आणि हाकारे लावून केलेल्या मोठ्या शिकारीला मोंतेरीया, ती करणारा मोंतेरो. आपल्या संस्थानिकांच्या हाक्याच्या शिकारीला मोंतेरीया शब्द जवळचा आहे, मात्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रानडुक्कर आणि सांबरासारखी हरणं येतील, वाघ येणार नाही. म्हणून ‘बातीदा’ लिहिणं सुरक्षित, तो साधा हाका झाला.

आणि एक शब्द टाळण्यासाठी सांगतो : आलिमान्या. उपद्रवी, मारून टाकण्याजोगं जनावर. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत १९५३ पासून ‘उपद्रवी प्राण्यां’च्या नाशासाठी प्रांतोप्रांती सरकारी मंडळं होती. लांडगे, कोल्हे, शिकारी पक्षी मारून आणले की पैसे मिळत. हे काम करणारा तो आलिमान्येरो. पुढे फेलिक्स रोद्रीगेस दे ला फुएन्ते या निसर्गअभ्यासकानं दूरचित्रवाणीवरून लांडग्याची बाजू घराघरांत पोचवली. तो स्वतः ससाणे पाळून शिकार शिकवणारा, म्हणजे सेत्रेरो होता. १९८० मध्ये अलास्कात चित्रीकरण करताना विमान अपघातात गेला. आज स्पेनमध्ये लांडग्याला आलिमान्या म्हटलं की बोलणारा कुठल्या बाजूचा ते लगेच ठरतं. मेंढपाळ आणि लांडग्याच्या बाजूचे लोक यांच्यातला वाद तिथे अजून धुमसतो आहे. मेंढपाळाची बाजूही खोटी नाही, कळपावरच्या हल्ल्याला त्यांच्यात लोबादा असा वेगळा शब्द आहे यावरून कळा ओळखा. राखणीला ते मास्तीन जातीचे दांडगे कुत्रे ठेवतात आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, त्याला कार्लान्का म्हणतात. लांडगा कुत्र्याच्या नरड्याला धरतो ना!

माणदेशी

कार्लान्का. लिहून ठेवलं. आणि ते लोबादासुद्धा. आमच्याकडं ‘लांडगं पडलं’ म्हणत्यात, तेच झालं म्हणायचं.

सध्या_मेक्सिकोत

मूळचा वाळवा तालुक्यातला, सध्या कामानिमित्त मेक्सिकोत आहे. वरची चर्चा स्पेनच्या अंगानं चालली आहे, म्हणून पलीकडची बाजू मांडतो.

आधी उच्चार. स्पेनच्या बहुतेक भागांत काथादोर म्हणतात, जीभ दातांत धरून. लॅटिन अमेरिकेत कासादोर. त्यामुळे इकडे ‘शिकार’ आणि ‘घर’ दोन्ही कासा, आणि ‘शिकार करणं’ व ‘लग्न लावणं’ दोन्ही कासार. लिहिताना अक्षर वेगळं, कानाला एकच. म्हणून इथले लोक शिकारीला कासेरीया म्हणणं पसंत करतात. तुमची पुस्तिका वाचायची आहे, तेव्हा अडत नाही. पण गावातला वाटाड्या तोंडी सांगणार असेल तर त्याला कासेरीया शिकवा.

दुसरं, वाघ. मेक्सिकोच्या दक्षिणेकडे आणि त्याखालच्या बऱ्याच देशांत खेड्यातला माणूस जॅग्वारला तिग्रे म्हणतो. प्यूमाला कित्येक ठिकाणी लेओन. जॅग्वार मारणारा तो तिग्रेरो. तर तुम्ही ‘सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात तिग्रे आहेत’ एवढंच लिहिलंत तर कुणी ठिपक्यांचं जनावर डोळ्यांपुढे आणेल. ‘तिग्रे दे बेंगाला’ असं पहिल्यांदा लिहा, मग पुढे नुसतं तिग्रे चालेल. आणि शेजारी बिबट्या आहेच, म्हणून हे करायलाच हवं.

तिसरा शब्द मला फार आवडतो. अर्जेंटिना-उरुग्वेकडे माणसाचं मांस एकदा चाखलेल्या जॅग्वारला ‘तिग्रे सेबादो’ म्हणत. आपण ‘चटावलेला’ म्हणतो ना, अगदी तेच. नरभक्षक यासाठी नेहमीचा शब्दप्रयोग ‘देवोरादोर दे ओम्ब्रेस’, पण सेबादोमध्ये सवय लागल्याचा भाव आहे. माझी विनंती एवढीच, की पुस्तिकेत हा शब्द बिबट्याला सहजासहजी लावू नका. उसात राहणारा बिबट्या कुत्री, शेळ्या, डुकरं खाऊन जगतो. प्रत्येक अपघाताला नरभक्षक म्हणण्याची सवय बातम्यांनी लावली आहे, ती परदेशी भाषेत नेऊ नये.

रानवाट_शिराळा

शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. ऊस तोडताना पिल्लं सापडली की आई परत नेईपर्यंत ती जागेवर ठेवायची, गर्दी करायची नाही, हे गावोगावच्या लोकांनी शिकून घेतलंय. त्या लोकांच्या कष्टाला ‘नरभक्षकांचा पट्टा’ असं नाव नको. पिल्लांना काय म्हणायचं?

सध्या_मेक्सिकोत

काचोर्रोस. कुत्र्याच्या, वाघाच्या, बिबट्याच्या, सगळ्यांच्या पिल्लांना चालतं.

जुनी_पायवाट

पारध्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी त्या वस्त्यांवरच्या मुलांच्या शिक्षणाचं काम करतो. थोडं लांब होईल.

१८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का तयार केला. तो पुढे देशभर वेगवेगळ्या समाजांवर मारला गेला, पारध्यांवरही. १९५२ मध्ये तो कायदा गेला. शिक्का गेला नाही. चोरी झाली की पहिली धाड पालावर, हे अजून संपलेलं नाही. नंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ज्या कसबावर पिढ्या जगल्या तेच कसब गुन्हा झालं. त्या कायद्यात शिकारीची व्याख्याही मोठी आहे. नुसतं मारणं नाही, तर फासात धरणं, आमिष लावणं, हाकणं, पक्ष्यांची अंडी काढणं, सगळं त्यात येतं. कायदा हवाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या बदल्यात या लोकांना जमीन, शाळा, काम मिळायला हवं होतं ते मिळालं का?

तर तुमच्या पुस्तिकेत पारध्यांना जो शब्द लावाल तो वाचून पाहुणा वस्तीवरच्या माणसाकडे बघणार आहे. ‘चोरटा शिकारी’ यासाठी स्पॅनिशमध्ये जो शब्द असेल तो समाजाला लावू नका. ज्यानं फास लावला, त्या माणसाच्या त्या कृत्याला लावा, मग तो कुणीही असो. फास लावणारे सगळ्या जातींत आहेत, बंदुका असणारेही.

आणि नुसतं ‘शिकारी’ म्हणूनही भागत नाही. तितर कुठल्या झुडपाखालून येणार, घोरपड कुठल्या बिळात, पावसाचा वास कधी येतो, हे ज्ञान त्या शब्दात मावत नाही.

कोयनाकाठ

जुनी_पायवाट, तुमचा प्रतिसाद मी पुस्तिकेचं काम करणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखवला. मनापासून आभार. शब्द लावताना त्या माणसाकडे उद्या कुणाची नजर कशी जाईल, हीच माझी खरी काळजी होती आणि तुम्ही ती नेमकी मांडलीत.

‘कासादोर फुर्तीवो’ हा तो शब्द, चोरून शिकार करणारा. नुसतं फुर्तीवो असंही म्हणतात. फास लावणाऱ्यांच्या परिच्छेदात तो ठेवते आणि पारध्यांच्या परिच्छेदाच्या आसपासही येऊ देत नाही. दोन परिच्छेद समोरासमोरच्या पानांवर होते, तेही वेगळे करते.

समाजासाठी ‘पारधी’ हे नाव तसंच राहील. पुढे सरांनी सांगितलेलं विशेषणाचं रूप वापरून ‘उना कोमुनिदाद दे त्रादिसियोन कासादोरा’, म्हणजे शिकारीची परंपरा असलेला समाज. आणि मग भूतकाळात, ‘विवीआन दे ला कासा’, शिकारीवर जगत असत. चालेल का?

वारणेचं_पाणी

उत्तम. परंपरा समाजाची झाली, माणसावर धंद्याचा शिक्का बसला नाही. शिवाय स्पॅनिशमध्ये ‘कासादोरेस-रेकोलेक्तोरेस’ म्हणजे शिकार आणि कंदमुळं-फळं गोळा करून जगणारे, हा अभ्यासकांचा शब्द आहे. पारध्यांना तो लावू नका. तो वाचला की अश्मयुग आठवतं, आणि हे लोक तर बाजारात येऊन पाखरं विकणारे, गावगाड्याशी बांधलेले होते.

सध्या_मेक्सिकोत

दक्षिण अमेरिकेतल्या चाको प्रदेशात आदिवासी समाजांच्या शिकारीला मारिस्कार असं वेगळं क्रियापद वापरतात, आणि करणाऱ्याला मारिस्कादोर. तिथल्या वाचकाला पारध्यांचं जगणं समजावताना हे उदाहरण तोंडी देता येईल. लेखात नको, स्पेनच्या वाचकाला त्यातून शिंपले गोळा करणारा दिसेल.

जुनी_पायवाट

‘विवीआन’मध्ये आज ते काय करतात हेही एका वाक्यात यावं. शेतमजुरी करतात, मुलं शिकतात, काही जण नोकरीत आहेत. नाहीतर पाहुणा त्यांना जुन्या काळातच शोधत बसेल.

कोयनाकाठ

नक्की. ते वाक्य तुम्हीच मराठीत लिहून द्याल का? मी भाषांतर करते.

आता शिकारी कुत्रे आणि चित्ते. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, त्याचा उल्लेख आम्ही शेजारचा इतिहास म्हणून घेतला आहे. शिकारी कुत्रा ‘पेर्रो दे कासा’, मग शिकारी चित्ता ‘आनिमाल दे कासा’ होईल का?

वारणेचं_पाणी

थांबा! पेर्रो दे कासा म्हणजे शिकार करणारा कुत्रा, बरोबर. पण आनिमालेस दे कासा म्हणजे ज्यांची शिकार होते ती जनावरं. कार्ने दे कासा म्हणजे शिकारीचं मटण. ‘दे कासा’ दोन्ही बाजूंनी बोलतो. चित्त्याला ‘गेपार्दो आदिएस्त्रादो पारा ला कासा’ लिहा, शिकारीसाठी शिकवून तयार केलेला. लांबलं तरी निःसंदिग्ध आहे. चित्त्याला स्पॅनिशमध्ये ओन्सा असं जुनं नावही आहे. लॅटिन अमेरिकेत मात्र ओन्सा म्हटलं की दुसरीच मार्जारं डोळ्यांपुढे येतात, म्हणून गेपार्दोच ठेवा. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला, हे तिथेच सांगा. वाचणाऱ्याला ते हवं असतं.

आणखी एक. व्याघ्र प्रकल्पाला ‘रेसेर्वा दे तिग्रेस’ म्हणा, पण त्या वाक्यात कासा शब्द येऊ देऊ नका. स्पेनमध्ये ‘रेसेर्वा दे कासा’ असतात, परवाना काढून ठरावीक हंगामात शिकार करायची राखीव रानं. खासगी असेल तर ‘कोतो’, त्याच्या पाट्या रानोमाळ दिसतात. बंदीच्या काळाला वेदा म्हणतात. तिकडचा माणूस ‘राखीव जंगल’ वाचून विचारेल, वेदा कधी उठते? म्हणून पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा, की भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीला कायद्यानं बंदी आहे.

पाखरू

कासच्या पानावर कीटकभक्षी वनस्पती आहेत ना? दवबिंदू आणि सीतेची आसवं. त्यांना काय लिहिताय?

कोयनाकाठ

प्लान्तास कार्नीवोरास. देप्रेदादोर नाही आणि कासादोर तर नाहीच. क्रियापद मी आत्रापार घेतलं आहे, पकडणं. दवबिंदूच्या पानावरच्या चिकट थेंबांना किडा चिकटतो. सीतेच्या आसवांच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात, त्या पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. जांभळ्या फुलांकडे बघून कुणाला पटत नाही, म्हणून हे वाक्य ठळक छापणार आहोत.

काही वाक्यं तयार झाली आहेत, बघून घ्या.

‘एल लोबो एस एल ग्रान देप्रेदादोर दे एस्तोस पास्तिसालेस.’ लांडगा हा या माळांवरचा मोठा भक्षक. माणदेशी, हे तुमच्यासाठी.

‘एल लेओपार्दो एम्ब्रा एस उना कासादोरा पासिएन्ते, पासा ओरास आल आसेचो एन्त्रे ला कान्या दे आसूकार.’ बिबट्याची मादी ही चिवट धीराची शिकारी, उसात तासन् तास दबा धरून असते.

‘एल लेओपार्दो आर्रास्त्रा सु प्रेसा सेर्का दे ला प्रेसा.’ बिबट्या आपलं भक्ष्य धरणाजवळून ओढत नेतो.

माणदेशी

वाचून मुलीला दाखवलं. ती म्हणते, ते माळावर लावायच्या फलकावर पण लिहा.

सध्या_मेक्सिकोत

तिसरं वाक्य बदलावं लागेल. प्रेसा म्हणजे भक्ष्यही आणि धरणही. त्या वाक्यात भक्ष्य धरणाजवळ आहे की धरण भक्ष्याजवळ, हे वाचणारा दोनदा वाचेल. (शिवाय दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कोंबडीचा तुकडाही प्रेसा, आणि तुरुंगातली बाईही प्रेसा.) शिवसागर हा जलाशय आहे, त्याला एम्बाल्से म्हणा. ‘हुन्तो आल एम्बाल्से’ लिहिलंत की भक्ष्य एकटं उरतं. धरणाची भिंत दाखवायची असेल त्या पानावरच प्रेसा ठेवा.

वारणेचं_पाणी

बरोबर. दुसऱ्या वाक्यात एक बारीक सुधारणा. लेओपार्दो हा शब्द व्याकरणानं पुल्लिंगीच राहतो, मादी असली तरी. ‘एल लेओपार्दो एम्ब्रा’ म्हटलं की पुढे कासादोरा हे स्त्रीलिंगी रूप कानाला अडतं. मादीलाच कर्ता करा : ‘ला एम्ब्रा देल लेओपार्दो एस उना कासादोरा पासिएन्ते.’ वाघिणीला हा त्रास नाही, तिला तिग्रेसा हा स्वतःचा शब्द आहे. लांडग्याच्या मादीलाही आहे, लोबा. तेव्हा माणदेशींच्या फलकावर कळप सांभाळणारी मादी दाखवणार असाल तर लोबा लिहा, चित्राखाली आणि वाक्यातही.